आधी नर, मग मादी: जिताडा, सापकांदा आणि पपई

एकाच जिवाच्या शरीरात नराचे आणि मादीचे अशी दोन्ही प्रजननकार्ये होणे याला उभयलिंगत्व म्हणतात. काही जीव ही दोन्ही कामे एकाच काळात करतात. काही जीव आयुष्याचा एक टप्पा नर म्हणून काढतात आणि दुसरा मादी म्हणून, किंवा याच्या उलट. या दुसऱ्या प्रकाराला लिंगबदल म्हणतात. दोन्ही प्रकार निसर्गात इतके पसरलेले आहेत की त्यांना अपवाद म्हणणे चुकीचे ठरते. फुलझाडांच्या बहुसंख्य जातींत एकाच फुलात पुंकेसर आणि अंडाशय दोन्ही असतात. नर वेगळा आणि मादी वेगळी ही व्यवस्था माणसाला स्वाभाविक वाटते, कारण गाय, कुत्रा, कोंबडी असे त्याच्या दाराशी वावरणारे प्राणी तसे असतात.

नर कोणाला म्हणायचे याची जीवशास्त्रातली व्याख्या साधी आहे. जो मोठी, अन्नाने भरलेली आणि संख्येने थोडी बीजे तयार करतो तो मादी. जो लहान, हलकी आणि भरमसाट बीजे तयार करतो तो नर. आयाळ, शिंगे, तुरा, आकार, आवाज यांपैकी काहीही या व्याख्येत येत नाही. म्हणून नर किंवा मादी असणे हे त्या जिवाच्या वाट्याला त्या वेळी आलेले काम असते. बऱ्याच जातींत ते काम जन्मभरासाठी नेमलेले असते, पण तसे असलेच पाहिजे असा नियम नाही. लहान आकारात एक काम अधिक फळत असेल आणि मोठ्या आकारात दुसरे, तर काम बदलणाऱ्याची संतती अधिक होते.

हे सगळे प्रकार पाहायला दूर जावे लागत नाही. पनवेल तालुक्यातले शिरढोण, म्हणजे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव, मुंबई-गोवा महामार्गावर पनवेल आणि पेण यांच्यामध्ये आहे. जवळच कर्नाळ्याचे जंगल आहे, सखल भागात भातखाचरे आहेत आणि उरण-पेणच्या दिशेने खाड्या व खारजमिनी सुरू होतात. डोंगर, शेत आणि खाडी या तिन्ही ठिकाणी उभयलिंगी जीव आहेत आणि प्रत्येक ठिकाणी त्यामागचे कारण निराळे आहे.

पहिल्या पावसात भाताच्या बांधावर वर येणारे गांडूळ हे एकाच वेळी दोन्ही असणाऱ्यांचे उत्तम उदाहरण आहे. प्रत्येक गांडुळात वृषणे असतात आणि अंडाशयही. दोन गांडुळे उलटसुलट दिशेने एकमेकांना चिकटतात, शुक्राणूंची देवाणघेवाण करतात आणि वेगळी होतात. मिळालेले शुक्राणू छोट्या पिशव्यांत साठवले जातात. नंतर शरीराभोवतीच्या जाड पट्ट्यातून एक कोश तयार होतो, तो पुढे सरकत असताना त्यात अंडी आणि साठवलेले शुक्राणू पडतात आणि फलन तिथे होते. दोन्ही इंद्रिये असूनही गांडूळ सहसा स्वतःचे स्वतः फलन करत नाही. जळवांचेही असेच.

या व्यवस्थेचा फायदा भेटीगाठींच्या हिशोबात आहे. संथ चालणाऱ्या, मातीत एकेकटे राहणाऱ्या जिवाला आपल्या जातीचा दुसरा जीव क्वचितच भेटतो. नर-मादी वेगळे असते तर निम्म्या भेटी वाया गेल्या असत्या. दोघेही उभयलिंगी असले की झालेली प्रत्येक भेट कामाची ठरते, शिवाय एका भेटीतून दोघांनाही अंडी घालता येतात. हाच गुण शेतकऱ्याच्या मुळावर कसा येतो हे २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत दिसले. सोयाबीनची कोवळी रोपे गोगलगायींनी फस्त केली आणि अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. या आफ्रिकन गोगलगायीत मादी अशी वेगळी नसते. वाढ झालेली प्रत्येक गोगलगाय अंडी घालू शकते, एका वेळी शेकड्याने घालते आणि मिळालेले शुक्राणू दीर्घकाळ साठवून ठेवते. अर्धी संख्या वेचून मारली तरी अंडी घालणाऱ्यांची संख्या झपाट्याने भरून येते. ज्याच्यात निम्मे नर असतात अशा किडीचा विचार करून आखलेला उपाय इथे तोकडा पडतो.

वनस्पतींना तर जागचे हलताच येत नाही, म्हणून दोन्ही कामे जवळ बाळगण्याची गरज त्यांना अधिक. पण जवळ बाळगण्यात एक धोका आहे: स्वतःचाच पराग स्वतःला लागण्याचा. अशा स्वफलनातून आलेली रोपे बहुधा कमजोर निघतात, हे चार्ल्स डार्विनने अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर १८७६ च्या ग्रंथात दाखवले. त्यामुळे पुष्कळ झाडांनी दोन्ही कामे एकाच अंगावर ठेवली, पण वेळा वेगळ्या केल्या. नारळाच्या उंच जातींत पोय उमलली की आधी नरफुले झडून जातात आणि मग खालची बोंडासारखी मादीफुले तयार होतात. पराग दुसऱ्या माडाचा लागतो. सीताफळात उलट आहे. फूल आधी मादी असते, पराग स्वीकारते, आणि त्याचे पुंकेसर नंतर फुटतात. सीताफळाला फुले भरपूर आणि फळे थोडी येतात याचे एक मोठे कारण हेच. योग्य वेळी योग्य फुलातला पराग पोचवणारे भुंगेरे कमी असतील तर मादी अवस्था तशीच निघून जाते, आणि बागायतदाराला कुंचल्याने हाती परागण करावे लागते.

शेवळ हे याच पद्धतीचे रायगडातले घरगुती उदाहरण. पावसाच्या तोंडावर आदिवासी बाया जंगलातून शेवळांच्या जुड्या आणून पनवेल-कर्जतच्या बाजारात विकतात. ज्याला भाजी म्हणून निवडले जाते तो त्या कंदाचा फुलोरा असतो, पान नव्हे. पान नंतर येते. शेवळ उभे चिरून बाहेरचे आवरण बाजूला केले की रचना स्पष्ट दिसते. मधल्या दांड्याच्या अगदी तळाशी दाटीने बसलेली मादीफुले, त्यांच्यावर नरफुलांचा पट्टा, आणि त्याच्याही वर लांब निमुळता भाग. निवडणाऱ्या बाईला खाजरा म्हणून काढून टाकावा लागणारा पिवळट भाग हाच, फुलांचा. शेवळाच्या आणि सुरणाच्या कुळात मादीफुले आधी तयार होतात. फुलोऱ्याच्या वासाने आलेले कीटक दुसऱ्या फुलोऱ्यातला पराग घेऊन आत उतरतात. त्यांनी आपले काम केल्यावर वरची नरफुले पराग सोडतात. एक-दोन दिवसांच्या अवधीत तोच दांडा आधी मादी आणि मग नर होतो.

शेवळाच्याच कुळातला सापकांदा याच्या पुढे जातो. सह्याद्रीत, माथेरान-महाबळेश्वरच्या रानात, पावसाच्या सुरुवातीला नागाच्या फण्यासारखे पांढरे आवरण घेऊन तो जमिनीतून वर येतो. या वंशाच्या अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या जातींचा अभ्यास शंभर वर्षांपासून झालेला आहे, आणि लिंगबदल म्हणजे काय ते त्यांच्याइतके स्वच्छ कोणी दाखवत नाही. कंद लहान असेल तर रोप फुलतच नाही. मध्यम असेल तर फुलोरा नर येतो. कंद चांगला पोसला की पुढच्या वर्षी तेच रोप मादी होते. फळे धरण्यात साठा संपला, किंवा पाने खाल्ली गेली, तर त्यानंतरच्या वर्षी ते पुन्हा नर होते, आणि फारच खंगले तर फुलणे सोडून देते. पराग तयार करायला खर्च कमी, बी पोसायला खर्च जास्त. रोपाच्या कंदात किती शिल्लक आहे त्यावर त्या वर्षीचे काम ठरते. त्याच जातींत आणखी एक कठोर गोष्ट दिसते. नर फुलोऱ्याच्या आवरणाला तळाशी एक फट असते, तिच्यातून परागाने माखलेले चिलट बाहेर पडते. मादीच्या आवरणाला ती फट नसते. आत गेलेले चिलट सुटण्याच्या धडपडीत मादीफुलांना पराग लावते आणि बहुधा तिथेच मरते.

प्राण्यांतल्या लिंगबदलाचा सिद्धान्त मायकेल गिसेलिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये मांडला. सापकांद्याचे उदाहरण डोळ्यांसमोर असले की तो समजायला अवघड नाही. प्रत्येक जातीत आकार वाढत जातो तसे नर असण्याचे फळही बदलते आणि मादी असण्याचेही, पण दोन्ही सारख्या वेगाने बदलत नाहीत. ज्या जातीत मोठेपणाचा लाभ मादीला अधिक मिळतो तिथे आधी नर, मग मादी. जिथे तो लाभ नराला अधिक, तिथे आधी मादी, मग नर. दोन्हींना सारखाच मिळत असेल तर बदलण्यात काही अर्थ नाही.

आधी नर, मग मादी या क्रमाचे भारतातले सर्वांत महत्त्वाचे उदाहरण रायगडच्या खाड्यांत आहे. तो मासा म्हणजे जिताडा. पेण, अलिबाग आणि पनवेलच्या खारेपाटात जिताड्याला जो मान आहे तो दुसऱ्या कुठल्या माशाला क्वचितच असेल. जावयासाठी, पाहुण्यासाठी, साहेबाला भेट देण्यासाठी तो तळ्यात राखला जातो. पावसाळ्यात खाडीत सापडणारी त्याची पिल्ले आणून गावतळ्यांत आणि शेततळ्यांत सोडण्याची पद्धत जुनी आहे. जिताडा गोड्या आणि निमखाऱ्या पाण्यात वाढतो, पण अंडी घालायला त्याला खाडीच्या मुखाचे खारे पाणी लागते. त्यामुळे बंद तळ्यातला जिताडा कितीही पोसला तरी तिथे वीण होत नाही.

साधारण तीन ते पाच वर्षांत जिताडा वयात येतो तो बहुतांशी नर म्हणून. काही हंगाम नर म्हणून काढल्यावर, सहा ते आठ वर्षांच्या सुमारास, लांबी ८०-१०० सेंटिमीटरच्या आसपास गेल्यावर त्याच्या जननग्रंथींतले वृषणाचे ऊतक विरते आणि अंडाशयाचे वाढते. आर. मूर यांनी पापुआ न्यू गिनीतल्या जिताड्यांवर केलेले याविषयीचे मूलभूत काम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळीकडे वय आणि लांबी सारखी नसते, आणि आशियातल्या काही ठिकाणी सुरुवातीपासून माद्या असलेले मासेही आढळले आहेत, पण मुख्य क्रम तोच. कारणही गिसेलिनच्या हिशोबात बसते. वीण होते तेव्हा मादीभोवती नर जमतात आणि पाण्यात शुक्राणू सोडतात. लहान नरालाही त्यात वाटा मिळतो. अंड्यांची गोष्ट वेगळी. ती पोटात मावावी लागतात आणि पोट आकाराप्रमाणे वाढते. पूर्ण वाढलेली मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी देते. लहानपणी मादी असून मिळाले असते थोडे, मोठेपणी मादी असून मिळते प्रचंड.

याचा अर्थ बाजाराच्या बाजूने पाहिला पाहिजे. तळ्यातून दोन-तीन किलोचा निघणारा जिताडा मादी होण्याच्या वयाच्या कितीतरी आधीचा असतो. खाडीत जाळ्याला लागलेला आणि सगळ्यांनी भोवती जमून पाहिलेला दहा-बारा किलोचा जिताडा बहुधा मादी असतो. पिल्ले खाडीतून उचलली आणि मोठे मासेही उचलले, तर मधल्या नरांनी खाडी भरलेली असूनही अंडी घालायला कोणी उरणार नाही. मत्स्यबीज केंद्रांनाही याच गोष्टीशी झगडावे लागते: चांगल्या माद्या हव्या असतील तर त्या पोसण्यात वर्षे घालवावी लागतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९० च्या दशकात जिताड्याचे बंदिस्त प्रजनन साधले आणि त्यानंतर खाडीच्या पिल्लांवरचे अवलंबित्व कमी होण्याची वाट मोकळी झाली.

गोब्रा आणि त्याचा भाऊबंद हेकरू यांचा क्रम उलटा. या कुळातल्या अनेक जातींत मासा आधी मादी असतो, आणि मोठा झाल्यावर त्यांतले काही नर होतात. मोठा नर जागा राखतो, दुसऱ्या नरांना हाकलतो आणि अनेक माद्यांशी वीण करतो. लहान नराला तिथे थारा नसतो. म्हणून लहानपणी मादी असणेच शहाणपणाचे. इथे मोठे मासे काढले तर कमतरता नरांची होते. मेक्सिकोच्या आखातातल्या गॅग नावाच्या गोब्र्यात १९७० च्या दशकात सुमारे १७ टक्के असलेले नर १९९० च्या दशकात दोन टक्क्यांच्या आसपास आले, असे तिथल्या मत्स्यशास्त्रज्ञांनी नोंदवले.

लिंगबदल वयाने होतो तसा संगतीनेही होतो. प्रवाळांवर दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाणाऱ्या एका छोट्या माशाचे कळप डी. आर. रॉबर्टसन यांनी ऑस्ट्रेलियात पाहिले आणि १९७२ मध्ये त्यांविषयी लिहिले. कळपात एक नर आणि बाकी माद्या. नर मेला की सर्वांत मोठी मादी तासा-दोन तासांत नरासारखी वागू लागते, इतर माद्यांवर अंमल बसवते, आणि दोन-तीन आठवड्यांत तिच्या शरीरात शुक्राणू तयार होतात. वागणे आधी बदलते, ग्रंथी नंतर. लिंग ठरवणारी यंत्रणा फक्त ग्रंथीत असते असे मानणाऱ्यांना हे निरीक्षण आजही अडचणीचे आहे.

खाडीच्या खडकांना चिकटलेली कालवे एकदा बसली की आयुष्यभर तिथेच असतात. त्यांच्यात पहिल्या विणीला नरांचे प्रमाण जास्त असते आणि मोठ्या कालवांत माद्यांचे. काही जातींत एकच कालव आलटून पालटून दोन्ही होते. अन्न मुबलक असले की मादी, ताण पडला की नर, असा सर्वसाधारण कल दिसतो.

पक्षी आणि सस्तन प्राणी मात्र लिंग बदलत नाहीत. त्यांच्यात गुणसूत्रे आणि संप्रेरके मिळून सुरुवातीलाच शरीर एका वाटेला लावतात, आणि प्रजननाची सगळी रचना त्यावर उभी राहते. तरीही कोंबडीत जुन्या शक्यतेचा अवशेष आहे. तिचे फक्त डावे अंडाशय काम करते, उजवी ग्रंथी अविकसित राहते. रोगाने डावे अंडाशय निकामी झाले तर उजवी ग्रंथी वृषणासारखी वाढू शकते. कोंबडीला तुरा येतो, ती आरवू लागते. खेड्यांत आरवणारी कोंबडी अपशकुनी मानून मारली जाते. १४७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात अंडे घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर खटला चालवून त्याला जाळण्यात आले. दोन्हीकडे एका आजारी पक्ष्यावर माणसाने आपली भीती लादली.

माणसाचा विषय इथे निघतोच. निसर्गात लिंगबदल आहे म्हणून माणसात अमुक योग्य, किंवा सस्तन प्राण्यांत तो नाही म्हणून अमुक अयोग्य, हे दोन्ही युक्तिवाद सारखेच कच्चे आहेत. जिताड्याच्या ग्रंथींवरून माणसाचे हक्क ठरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांना मान्यता दिली ती संविधानातल्या समता, स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठेच्या आधारावर, आणि तोच आधार टिकाऊ आहे. निसर्गाच्या अभ्यासाने एक गोष्ट मात्र नक्की साधते: नर-मादीची एकच साचेबंद व्यवस्था सगळ्या सृष्टीला लागू आहे, हा दावा कोणी केला तर तो खोटा आहे हे पुराव्याने सांगता येते.

शेतकऱ्याने या विषयाशी फार पूर्वीपासून व्यवहार केलेला आहे. पपईत तीन प्रकारची झाडे असतात: नर, मादी आणि उभयलिंगी. उभयलिंगी झाडाचे फळ लांबट, मादीचे गोलसर. बाजाराला लांबट फळ हवे असते. उभयलिंगी झाडाचे स्वतःच्याच परागाने बी धरले तर रोपांत दोन उभयलिंगी आणि एक मादी असे प्रमाण पडते, नर येत नाहीत. जळगाव-धुळ्याकडे पसरलेल्या तैवान ७८६ सारख्या वाणांत नर झाडे उपटण्याचा खर्च वाचतो तो यामुळे. जुन्या वाणांत खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून फुलोरा दिसल्यावर जादा नर काढावे लागत. उभयलिंगी झाडही स्थिर नसते. कडक उन्हाळ्यात त्याच्या फुलातले अंडाशय खुरटते आणि झाड काही काळ नरासारखे वागते; थंडीत पुंकेसर अंडाशयाला चिकटून वेडीवाकडी फळे येतात. नर झाडालाही कधी लांब देठावर लोंबणारी फळे धरतात. नर पपईच्या बुंध्यात खिळा ठोकला की ती फळते असा समज आहे; हवामान पालटल्याने झाड आपणहून बदलले की श्रेय खिळ्याला मिळते.

काकडीच्या वेलावर नरफुले आणि मादीफुले वेगळी असतात, आणि त्यांचे प्रमाण दिवसाची लांबी, उष्णता आणि झाडातला इथिलीन वायू यांवर ठरते. दोन ते चार पानांच्या अवस्थेत इथिलीन देणारे इथ्रेल फवारले तर मादीफुले वाढतात. जिबरेलिनाने नरफुले वाढतात. केवळ मादीफुले देणाऱ्या वाणाचे बी तयार करताना त्याच्यावर मुद्दाम नरफुले आणण्यासाठी हीच युक्ती वापरली जाते.

करटोली, ताड आणि कोकम यांची गोष्ट कठीण. यांत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. ताडाला फुलायला डझनभर वर्षे लागतात. तोवर ताडगोळे मिळणार की नुसती ताडी, हे कळत नाही. बियांपासून लावलेल्या कोकमात निम्म्याच्या आसपास झाडे नर निघतात आणि ते समजेपर्यंत सात-आठ वर्षे जातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्यावर कलमांचा मार्ग काढला आणि कोकण अमृता, कोकण हातीस हे वाण दिले. जायफळातही नर-मादी झाडे वेगळी असतात. तिथे विद्यापीठाने एकाच झाडावर दोन्ही फुले येणारा कोकण सुगंधा हा वाण निवडला.

शेतीला जे साधले ते मासेमारीला अजून साधलेले नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या सागरी माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पिल्ले वाचवण्यासाठी हे पाऊल आवश्यकच होते. पण किमान लांबीच्या नियमामागे प्रत्येक मासा एकदा वयात आला की अंडी घालणाऱ्यांत भर पडते, हे गृहीत असते. जिताड्याला ते लागू होत नाही. किमान लांबी नुकतीच ओलांडलेला जिताडा बहुधा नर असतो, आणि खरी गरज त्याच्या पुढच्या टप्प्याला संरक्षण देण्याची असते. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात म्हणूनच दोन मर्यादा आहेत: ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा जिताडा पकडता येत नाही. रायगडच्या खाड्यांसाठी याच धर्तीचा नियम करायचा तर वरची मर्यादा इथल्या माशांचे माप घेऊन ठरवावी लागेल. तो नियम बाजारात तपासून भागणार नाही, कारण तिथे पोचेपर्यंत मासा मेलेला असतो. खाडीतच, जाळे ओढणाऱ्याच्या हातून मोठा जिताडा जिवंत परत सुटला पाहिजे, आणि त्यात होणारे नुकसान भरून देण्याची तजवीज नियमातच हवी.